माझ्याकडे तर चालून राहिलं

आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री-पोहे खाताना नागपुरी प्रोग्रामर तुम्हाला पोह्यांचे पैसे देऊ देत नाही. इथवर ठीक. पण प्लेट संपता संपता त्याचं आतिथ्य आणखी उफाळून येतं आणि तो म्हणतो, “थांब बे, माझ्यापाशी एक जबरी स्क्रिप्ट आहे. तुले टाकून देतो.” तर्री संध्याकाळपर्यंत उतरते. स्क्रिप्ट उतरत नाही.

ही स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकुमांच्या पाच-सात ओळी. कधी जुन्या लॉग फाइली, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवह्या, साफ करणारी, कधी हुकूम टाइप करायच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट रंगीबेरंगी करणारी. देणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असते. माझ्याकडे आली की पहिल्याच ओळीवर बसकण मारते. मी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “माझ्याकडे तर चालून राहिलं!” इथे देणाऱ्याची जबाबदारी संपते आणि माझी रात्र सुरू होते.

दोष त्याचा नसतो म्हणा. वाटेत बरंच काही घडतं. त्यानं तो तुकडा आधी वर्डच्या फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो. वर्डला सरळ अवतरणचिन्हं बघवत नाहीत, ते त्यांना सुबक बाक देतं. दोन छोटे डॅश शेजारी दिसले की त्यांचा एक लांब डॅश करून टाकतं. लेखनाला शोभा येते, पण हुकूम वाचणाऱ्या शेलला ही चिन्हं ओळखीचीच नसतात. त्यात व्हॉट्सअपची भर. दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे गायब, दोन अंडरस्कोअरमधला तिरका होतो आणि अंडरस्कोअर गायब. तीन-तीन बॅकटिकांमध्ये, म्हणजे उलट्या कललेल्या एकेरी अवतरणांमध्ये, कोड टाकला तर तो जसाच्या तसा राहतो, हे सगळ्यांना माहीत असतं. टाकत कोणी नाही.

काही जण फोनवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून घाईत कमांड लिहितात. मग पाइपच्या, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेच्या, जागी श्लोकातली ओळ संपल्यावर असतो तो दंड येतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ, पण एक आउटपुट पुढे नेतो आणि दुसरा श्लोकाची ओळ संपवतो. आकड्यांच्या बाबतीत पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यातल्या त्यात दिलदार. अवतरणात ‘१०’ लिहून मजकुराची संख्या करणाऱ्या इंट फंक्शनला दिलं तर ते मुकाट्यानं दहा समजून घेतं. तेच १० अवतरणाबाहेर कोडमध्ये लिहिलं की सिंटॅक्स एरर. हे असं का, ते मी ज्युनिअर पोट्ट्यांना समजावायला जात नाही. चहा थंड होतो.

पण खरा कस लागतो तो फोनवरून कोड सांगताना. कळमना बाजारात एका अडत्याच्या गाळ्यात आमचं संत्र्याच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर चालतं. मशीनला इंटरनेट नाही. डिस्क भरली म्हणून ऑफिसनं एका नव्या पोट्ट्याला तिथे धाडलं आणि तीस दिवसांहून जुन्या लॉग फाइली शोधायची कमांड मी इकडून सांगायची, असं ठरलं.

“लिही. फाइंड. स्पेस. स्लॅश.”

“कोन्ता स्लॅश, दादा? इकडं कललेला का तिकडं?”

“ज्याचं डोकं उजवीकडे असतं तो.”

“माह्या उजवीकडं का स्क्रीनच्या?”

त्याचंही बरोबरच होतं. आपण स्क्रीनकडे तोंड करून बसतो, स्क्रीन आपल्याकडे.

“तुझ्या. आता डॅश एमटाइम, स्पेस, प्लस तीस.”

“तीस का आठशे?”

“आठशे कोण म्हणालं?”

“मागं लिलाव चालू हाये ना.”

म्हणजे अडत्याची बोली आमच्या कमांडमध्ये शिरत होती. तीसवर सौदा तुटला आणि आम्ही फाइलच्या नावापाशी आलो.

“आता कोट.”

“एकटा का जोडीचा?”

“जोडीचा.”

“म्हंजे एकटाच दोनदा मारू?”

शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, “दादा, तुम्ही लिहून पाठवा, मी पाहून टाइप करतो.” मी पाठवली. थोड्या वेळानं उत्तरादाखल मॉनिटरचा फोटो आला. फोटोत ट्यूबलाइट होती, पोट्ट्याचा चिंतातुर चेहरा होता, एक संत्र्याचं क्रेट होतं. एरर त्या ट्यूबलाइटच्या बरोबर मागे होती.

न दिसणाऱ्या अक्षरांचा छळ याहून वरताण. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्राम बांधायच्या पायऱ्या आपोआप चालवणारं मेक नावाचं साधन लिहिलं. त्याच्या सूचनांच्या फाइलीत, म्हणजे मेकफाइलमध्ये, कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनंच झाली पाहिजे, स्पेस चालत नाहीत. हे गैरसोयीचं आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, बहुतेक मित्रमंडळीच, आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून तो टॅब तसाच ठेवला. बारा मित्रांचं मन राखलं आणि तेव्हापासून बाकी जग ‘मिसिंग सेपरेटर’ ही एरर वाचत बसलंय. मला पोहे खाऊ घालणारा मित्र मेकफाइल मेलमधून पाठवतो, मेलमध्ये टॅबच्या स्पेस होतात, आणि मी अख्ख्या फाइलकडे डोळे ताणून बघत बसतो. टॅब आणि आठ स्पेस यांतला फरक ओळखणारा चष्मा धरमपेठेतल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.

विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक जादा अदृश्य अक्षर चिकटलेलं असतं. लिनक्स ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून ओरडतं आणि पुरावा म्हणून टोपीवाला एम (^M) दाखवतं. तो एम फाइलमध्ये शोधायला जावं तर साध्या एडिटरमध्ये तो दिसतच नाही.

हे झालं कोडचं. सिस्टीमच्या सेटिंगमधल्या क्लृप्त्या सुचवणारे वेगळेच. एकाला प्रत्येक दुखण्यावर परवानगी सात-सात-सात हेच औषध. फाइल उघडत नाही? सात-सात-सात. म्हणजे आल्यागेल्यानं वाचावी, बदलावी, चालवावी. दुसरा स्वॅपिनेसचा, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायच्या उत्साहाचा, मूळचा ६० आकडा १० वर आणायला सांगतो. का, विचारलं तर म्हणतो, “फरक जाणवतो.”

मे महिन्यात बंगळुरूच्या मित्रानं मला अशीच एक क्लृप्ती धाडली. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर टाकायचा, मग प्रोसेसर कायम पूर्ण वेगानं धावतो. त्याच्या गावी मे महिन्यात संध्याकाळी पाऊस पडतो. इथे बाहेर पंचेचाळीस, आणि घरात कूलर नुसती दमट हवा फेकत होता. मी ओळ चालवली. पंख्यानं घरघर धरली, काही मिनिटांत प्रोसेसर तापला आणि स्वतःला वाचवायला त्यानं स्वतःच वेग कमी केला. लॅपटॉप आधीपेक्षा हळू. मित्राला फोन केला.

“माझ्याकडे तर मस्त चालतंय. सेन्सरचा आकडा पाठव बरं.”

पाठवला. ९७.

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, “हे फॅरनहाइटमध्ये आहे ना?”