अंतराळातली ‘गादी’ आणि आपली झिजलेली वाटी

लातूर-बीडकडे एक मेसेज फिरतोय: ‘अंतराळात गुडघ्याची गादी तयार झाली. गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे ती जास्त पक्की. वाट्या बदलू नका, थोडं थांबा.’

गादी छापली, हे खरं आहे. 2023 साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जिवंत पेशींच्या जैवशाईतून मेनिस्कस छापला आणि अभ्यासासाठी पृथ्वीवर आणला. कुणाला बसवायला नव्हे. त्यात ‘गादी’ या शब्दानेही घोळ होतो. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती. म्हातारपणी ‘गादी घासली’ म्हणतात ती बहुधा हाडाच्या टोकावरची, 2 ते 4 मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा.

पक्केपणाचा दावा तर साफ उलटा आहे. 1996-97 मध्ये रशियाच्या ‘मीर’ अंतराळ स्थानकावर वासराच्या कूर्चापेशींच्या चकत्या चार महिने वाढवल्या. तशाच चकत्या जमिनीवरही वाढवल्या होत्या. जमिनीवरच्यांचा ताठरपणा 0.93 मेगापास्कल भरला, मीरवरच्यांचा 0.31. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, उचललं की पोषण घेऊन आत शिरतं. दाब नसेल तर पेशी हवा तेवढा मालमसालाच बनवत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत यंत्राने चकतीला सेकंदाला एकदा, जाडीच्या साधारण 10 टक्के, दाबतात. अंतराळाचा फायदा वेगळा आहे: पातळ जैवशाई तिथे स्वतःच्या वजनाने बसत नाही, आकार टिकतो.

राहिलं ‘थांबा’. स्वतःच्या पेशींची कूर्चा बसवणं पृथ्वीवर 1994 पासून प्रसिद्ध आहे. दुर्बिणीतून, भार न येणाऱ्या जागेची 200-300 मिलिग्रॅम कूर्चा काढतात, एन्झाइमने पेशी सुट्या करतात, 37 अंशांवर काही आठवडे वाढवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पडद्यावर पसरून कूर्चेत पडलेल्या खड्ड्यात चिकटवतात. इथेच गोम आहे. सपाट डिशमध्ये जास्त वाढवल्या तर पेशी आपला धर्म विसरतात आणि कूर्चेचं दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन (धाग्यांसारखं प्रथिन) सोडून व्रणासारखं पहिल्या प्रकारचं बनवू लागतात. शिवाय खड्ड्याची कड निरोगी लागते. कापड सगळीकडून विरलं असेल तर ठिगळ धरत नाही. ऊसतोडीत, वेचणीत वर्षानुवर्षं उकिडवं बसून दोन्ही गुडघे झिजलेल्या माणसाला हा उपाय देत नाहीत.

अशा माणसाला डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं असेल आणि तो मेसेज वाचून दोन-तीन वर्षं थांबला, तर तेवढ्यात मांडीचे स्नायू सुकतात, पाय धनुष्यासारखा वाकत जातो आणि तेच ऑपरेशन जास्त अवघड होऊन बसतं.