वसीमची शुगर आणि आपल्या पोरांची किटबॅग

बडोद्यात डावखुरा फास्ट बोलर म्हटलं की झहीर नाहीतर इरफान. बरोबरच आहे. पण माझा हीरो वसीम अक्रम. पाकिस्तानचा म्हणून कुणाला राग आला तर कॉमेंटमध्ये काढा, फक्त आधी पूर्ण वाचा.

१९९७ मध्ये, तिशी गाठलेली असताना, त्याला डायबेटिस निघाला आणि इन्सुलिन मागे लागलं. पुढे मार्च १९९९ मध्ये श्रीलंकेविरुद्ध, आधी लाहोरला आणि मग ढाक्याला, लागोपाठच्या दोन कसोटींत दोन हॅटट्रिक. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये वन-डेत ५०० विकेट घेणारा पहिला बोलर. लोक याला जिद्द म्हणतात. जिद्दीने शुगर हलत नाही हो, ती हिशेबाने सांभाळावी लागते. माझा सलाम त्या रोजच्या हिशेबाला.

आपल्या दांडिया बाजारात मात्र पोराला टाइप-१ डायबेटिस (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) निघाला की बॅट आधी माळ्यावर जाते. का?

खेळाआधी शुगर मोजायची. ९० च्या खाली असेल तर १०-२० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थोडं थांबायचं. १२५ ते १८० म्हणजे बिनधास्त उतरा. २७० च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारी आम्लं) तपासायचे. ते वाढलेले असतील तर त्या दिवशी मैदान बंद. अशा वेळी शरीरात इन्सुलिन कमी असतं, आणि पळून शुगर उतरायच्या ऐवजी आणखी चढते. जेवणानंतर तासा-दोन तासांत मॅच असेल तर जेवणाआधीचा डोस बहुधा कमी करावा लागतो. किती, ते डॉक्टरांनी ठरवायचं, शेजारच्या काकांनी नाही. आणि पळायच्या आधी इंजेक्शन मांडीत नको, पोटावर घ्या. राबणाऱ्या स्नायूजवळचं इन्सुलिन भराभर रक्तात उतरतं.

बोलिंगची गंमत वेगळीच. जोरदार रनअपच्या स्पेलमध्ये अ‍ॅड्रेनलिनमुळे शुगर वरही जाते. मग पोरगं घाबरून जादा इन्सुलिन टोचतं, आणि दुपारभर फील्डिंग करताना तीच शुगर धाडकन खाली. हात थरथरतात, दरदरून घाम, चिडचिड, सोपा कॅच सुटतो. कोच ओरडतो, "लक्ष कुठाय तुझं?" लक्ष नाही सर, शुगर ५५ आहे. लगेच १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको (आपल्याकडे पेढा हे प्रत्येक गोष्टीचं औषध!), त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं इंजेक्शन) असेल तर टोचा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

मे महिन्यात मोतीबागेवर उन्हात पडलेल्या किटबॅगेत इन्सुलिन ठेवलं तर ते खराब होतं. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण ३० अंशांच्या आत हवं. माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी चालते. थेट बर्फावर ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

आणि आयांनो, मॅचच्या रात्री त्याला तसंच झोपवू नका. थकलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून धोका सहा-बारा तासांनीही असतो. झोपताना मोजा, कमी वाटली तर दूध-पोळी द्या, आणि तीनचा गजर लावा.