निवड झाल्यावर नव्हे, अर्ज भरतानाच हिशेब सांगा

नामांकित खासगी विद्यापीठांच्या फीवर बोंब मारणाऱ्यांतला मी नाही. चांगले प्राध्यापक, छोटे वर्ग, निवासी कॅम्पस, याला पैसा लागणारच. माझं भांडण वेगळं आहे. आपल्या घराला हे शिक्षण एकूण केवढ्याला पडणार, ते आधी कुणी सांगत नाही. अर्ज भरा, निबंध लिहा, मुलाखत द्या, मग बघू म्हणतात. आणि निवड झाली की लगेच सीट राखायचे पैसे भरा, नाहीतर जागा गेली.

यंदा भाचीच्या निमित्तानं हे सगळं जवळनं बघितलं. दाजींची राधानगरीकडं शेती, दारात दोन म्हशी. फी-सवलतीच्या फॉर्मला सॅलरी स्लिप आणि आयकर विवरणपत्र जोडायचं होतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तर विवरणपत्र आणायचं कुठनं? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, सगळं लावलं. तिकडनं मेल: मासिक उत्पन्न लिहा. आता ऊस काय दर महिन्याला तुटतो का हो!

शेवटी पत्र आलं. ट्यूशन फीत 50 टक्के सवलत. घरात पेढे वाटले. रात्री मी वही घेऊन बसलो. ट्यूशन 8 लाख, त्यातले 4 माफ. हॉस्टेल-मेसचे अडीच लाख, त्यात सवलत शून्य. म्हणजे वर्षाला साडेसहा, चार वर्षांचे 26 लाख. फीवाढ, प्रवास, लॅपटॉप वेगळाच.

मग बँक. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की साधारणपणे तारण मागतात. दाजी म्हणाले, जमीन आहे की. पण कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, वसुली अवघड, म्हणून बँकवाले तिच्याकडं बघायलाच तयार नाहीत. त्यांना घर नाहीतर एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट पाहिजे. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत तारण लागत नाही हे खरं, पण तुमची संस्था त्या यादीत पाहिजे. अर्ज करायच्या आधी ती यादी बघा, एवढं तरी करा.

गावात अजून एक गैरसमज आहे, 'पोरींचं सगळं फुकट झालंय की!' 2024-25 पासून राज्य सरकारनं 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, चांगलंच केलं. पण ती कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनं झालेल्या प्रवेशाला. खासगी विद्यापीठं त्यातनं वगळलेली आहेत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हॉस्टेलचं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायचं-जेवायचं कुठं हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, हे शाहू महाराजांनी 1901 मध्येच ओळखलं होतं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापुरात दसरा चौकाच्या आसपास ती बोर्डिंगं आजही आहेत. आणि आजची विद्यापीठं हॉस्टेल सक्तीचं करतात, पण सवलत मोजताना नेमकं तेच बाजूला ठेवतात.

हिशेब आधी सांगणं अशक्य आहे असंही नाही. अमेरिकेत सरकारी मदतीचा लाभ घेणाऱ्या कॉलेजांना 2011 पासून वेबसाइटवर कॅल्क्युलेटर ठेवावाच लागतो. घरची माहिती भरा, अंदाजे खर्च समोर. इथं तो ठेवायला काय हरकत आहे? फक्त त्यात ऊसबिलाचा रकाना ठेवा म्हणजे झालं. उलट्या बाजूनं बघा, छापील आकडा बघून किती हुशार पोरं अर्जच करत नसतील. त्यातल्या काहींना पूर्ण माफीसुद्धा मिळाली असती.

आमचं अजून काही ठरलेलं नाही. हॉस्टेलच्या खर्चातही सवलत द्या म्हणून विद्यापीठाला मेल केलाय, बँकेनं घराचा नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा मागितलाय. कुणी असा अर्ज करून सवलत वाढवून घेतली असेल तर सांगा, कुठले कागद लावले तेही.