टॅलिस फँटेशिया: दुसरा वाद्यवृंद दिखाऊ आहे का?

इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सने सोळाव्या शतकातल्या टॅलिस या संगीतकाराच्या चालीवर केलेल्या ‘फँटेशिया ऑन अ थीम बाय थॉमस टॅलिस’ (फँटेशिया म्हणजे मुक्त वळणाची वाद्यरचना) या रचनेवर तुमचे तीन आक्षेप आहेत: चाल दुसऱ्याची, पंधरा मिनिटं एकच संथ, नुसती उदास लय, आणि दोन वाद्यवृंद निव्वळ दिखाऊ, कारण इअरफोनवर फरक कळत नाही. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण खरा मुद्दा तोच आहे.

वाद्यं सगळी गजाची, पण गट तीन. एक मोठा वाद्यवृंद. दुसरा फक्त नऊ जणांचा: पहिली व्हायोलिन 2, दुसरी 2, व्हियोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं) 2, त्याहून खर्जातले चेलो 2, डबल बेस 1. शिवाय चार एकल वादक, आणि ते मोठ्या वाद्यवृंदातल्या विभागांचे प्रमुखच असतात. छोटा गट शक्यतो वेगळा बसवावा, असं छापील स्वरलिपीतच सांगितलं आहे. ते जमत नसेल तर छोट्या गटातल्या वादकांनी मोठ्या वाद्यवृंदातल्या आपल्या नेहमीच्या जागेवरूनच तो भाग वाजवायची मुभा आहे. बिघडतं ते इथेच. छोटा गट म्हणजे मोठ्याचा प्रतिध्वनी; तो मूळ आवाजाच्या पोटातूनच आला की उरतं ते नुसतं मोठा आवाज, लहान आवाज. रेकॉर्डिंगमध्ये माइक जवळ लावून दोन्ही गट एकाच पातळीवर आणले तरी तेच होतं. तुम्ही ऐकलंत ते बहुधा असंच काहीतरी असावं.

रचना प्रथम वाजली ती 6 सप्टेंबर 1910 रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर कॅथीड्रल या मोठ्या चर्चमध्ये, संगीतकाराच्याच दिग्दर्शनाखाली. उंच दगडी वास्तू, गज उचलल्यावरही सूर रेंगाळणार. कोरड्या सभागृहात तीच लय धरली तर वाक्यांमधल्या जागा रिकाम्या वाटतात आणि सगळं जड होतं. लय एकच आहे हे मात्र मान्य नाही. मध्यावर एकटा व्हियोला नवं वळण घेतो, त्याला व्हायोलिन येऊन मिळतं, आणि तिथून लय वाढत वाढत सर्वोच्च बिंदूपर्यंत जाते.

चाल टॅलिसची, हे शीर्षकातच लिहिलंय. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप पार्कर यांच्या 1567च्या स्तोत्रसंग्रहासाठी त्याने नऊ चाली केल्या, त्यातली ही तिसरी. व्हॉन विल्यम्सने ती 1906च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या चर्चच्या गीतसंग्रहामध्ये घेतली होती. इथे ती आधी खर्जातल्या वाद्यांच्या तारा बोटांनी छेडून तुकड्यातुकड्यांनी येते, मग सलग. पुढे तिचे तुकडे सुटे करून तीन गटांत खेळवले आहेत, आणि जुन्या इंग्रजी फँटेशियाची रीतही तीच.

चाल फ्रिजियन मोडमधली, म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे स्वर. पेटीवर पांढरी पाच षड्ज धरून पाहा. चालीत गंधार कोमल आहे, पण पहिल्या आणि अखेरच्या स्वरसंघात (एकत्र वाजणाऱ्या स्वरांत) तो शुद्ध आहे. तुम्हाला जे ‘नुसतं उदास’ वाटलं, तो मला या दोन गंधारांमधला ताण वाटतो. पुढच्या वेळी स्पीकर दोन बाजूंना लांब ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि छोट्या गटाचे सूर नेमके कुठे विरतात, तेवढंच ऐका.