टक्का आणि धसका

ब्रिटनमध्ये २०१४ साली इप्सॉस मोरी या संस्थेने सर्वसामान्य नागरिकांना विचारले होते, की तुमच्या देशातल्या दर शंभर माणसांत मुसलमान किती असतील. सरासरी उत्तर आले एकवीस. प्रत्यक्षात ते पाच होते. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांचे प्रमाण लोकांनी २४ टक्के सांगितले, ते होते १३ टक्के. ही पाहणी इथे ब्रिटनमधल्या भारतीय घरांत अजूनही चवीने सांगितली जाते, कारण त्या फुगवलेल्या चोवीस टक्क्यांत आपलीही गणना झाली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र त्याच बैठकीत, फराळाच्या बशा उचलल्या जाण्यापूर्वीच, विषय भारताकडे वळतो आणि ‘तिकडे आता काही वर्षांत आपण हिंदू अल्पसंख्य होणार’ हे विधान कोणीतरी करतोच. गोऱ्या शेजाऱ्याच्या अंदाजाला हसणाऱ्यांपैकी फारच थोडे त्या विधानाला हरकत घेतात.

२०११ च्या जनगणनेत भारतात हिंदू ७९.८ टक्के आणि मुसलमान १४.२ टक्के होते. मुसलमानांचा वाढीचा वेग हिंदूंपेक्षा जास्त होता हे खरे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आधीच्या दशकात २९.५ टक्के असलेला हा वेग २००१ ते २०११ या दशकात २४.६ टक्क्यांवर आला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली हिंदू स्त्रीमागे सरासरी ३.३ आणि मुसलमान स्त्रीमागे ४.४ मुले असल्याचे दिसले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे १.९४ आणि २.३६ झाले. म्हणजे एका मुलाहून मोठे असलेले अंतर अर्ध्या मुलाच्याही आत आले. त्याच पाहणीत बिहारचा जननदर ३ आणि महाराष्ट्राचा १.७ आहे. पाळणा किती वेळा हलणार, हे आज धर्मापेक्षा आईचे शिक्षण आणि तिचा जिल्हा यांवरून अधिक खात्रीने सांगता येते.

असे असूनही धसका जात नाही, त्याचे सगळे खापर द्वेषावर फोडणे मला पटत नाही. डेव्हिड लँडी, ब्रायन ग्वे आणि टायलर मार्गेटिस या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की माणूस लहान प्रमाण फुगवतो आणि मोठे प्रमाण आक्रसून सांगतो, मग प्रश्न त्याला भीती वाटणाऱ्या गटाचा असो वा नसो. अमेरिकेत २०२२ साली युगव्ह या संस्थेच्या पाहणीत लोकांनी ज्यूंचे प्रमाण ३० टक्के सांगितले, जे खरे तर २ टक्के आहे. आणि ख्रिश्चनांचे ५८ टक्के, जे ७० च्या घरात आहे. आपल्याच बहुसंख्येलाही माणूस कमी लेखतो. अंदाज चुकणे हा मनाचा स्वभाव झाला. त्या चुकीवर मते मागणे हा मात्र धंदा आहे, आणि त्यात दोन्ही देशांचे पुढारी सारखेच वाकबगार आहेत.

शिवाय माणूस देश पाहत नाही, गल्ली पाहतो. मी राहतो त्या लंडनच्या हॅरो भागात २०२१ च्या जनगणनेनुसार जवळपास २६ टक्के रहिवासी हिंदू आहेत. इंग्लंड आणि वेल्स मिळून ते प्रमाण १.७ टक्के आहे. इथे वाढलेल्या मुलाला ब्रिटन अर्धे गुजराती वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा?

मुंबईबाबतही हेच घडते. २०११ मध्ये बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकांपैकी मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख. दहा वर्षांपूर्वी मराठी ४५ लाखांच्या थोडे वर आणि हिंदी २६ लाखांच्या आसपास होते. तेव्हा मराठी माणसाची चिंता निराधार नाही. पण आकडा पुरता वाचायचा, तर गिरणगावातून आणि दादर-परळमधून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकलेली मराठी कुटुंबे त्यात नाहीत. हिंदी सांगणाऱ्यांत तीन पिढ्या मुंबईत राहिलेलेही आहेत आणि ज्यांची बोली भोजपुरी आहे तेही आहेत, कारण जनगणना भोजपुरीला हिंदीतच धरते. घरांच्या किमतींनी केलेले काम आपण सरसकट परप्रांतीयांच्या नावावर मांडतो.

लंडनहून पाहताना सर्वांत चमत्कारिक वाटते ती लोकसंख्येबद्दलची दुहेरी ओरड. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून लोकसंख्येच्या स्फोटाची चिंता व्यक्त केली. डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालकांनी नागपुरात जननदर २.१ च्या, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागणाऱ्या पातळीच्या, खाली जाऊ देऊ नका, असे सांगितले. देशाचा जननदर तोवर २ वर आलेला होता. मुले कमी होऊनही माणसे काही काळ वाढतच राहतात, कारण पूर्वी मोठ्या संख्येने जन्मलेल्या मुली आता आया होत आहेत. लोकलमधली गर्दी डोळ्यांना दिसते, घटता जननदर दिसत नाही. त्यामुळे ‘फार झालो’ आणि ‘कमी पडू’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, कधी एकाच तोंडून ऐकू येतात.

ब्रिटनने महासाथीच्या ऐन काळात, मार्च २०२१ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सची जनगणना उरकली आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने लोक शहाणे झाले असे मी म्हणणार नाही. आकडे येताच स्थलांतरविरोधी नेते नायजेल फराज यांनी लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर ही तिन्ही शहरे आता श्वेतवर्णीय अल्पसंख्येची झाली, असे जाहीर केले. बर्मिंगहॅमबद्दल ते बरोबर होते. लंडनमध्ये श्वेतवर्णीय ५३.८ टक्के आणि मँचेस्टरमध्ये ५६.८ टक्के होते. हे कोणालाही तक्ता उघडून लगेच दाखवता आले. ज्यांना पटवून घ्यायचे नव्हते त्यांना पटले नाही, पण निदान वाद कशावर घालायचा ते ठरलेले होते.

भारतात तेवढाही आधार सध्या नाही. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि आता ती २०२७ मध्ये, जातींच्या नोंदीसह व्हायची आहे. तोवर मुंबईत मराठी किती उरले, याबद्दल कोणी काहीही ठोकून दिले, तरी उत्तरादाखल २०११ चा आकडाच पुढे करावा लागतो, आणि समोरचा ‘तो जुना झाला’ म्हणतो तेव्हा त्याचे चुकत नसते. त्यातही गेल्या खेपेला भाषेचे तक्ते प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडले. या वेळची नोंद मोबाइलवर होणार असल्याने विलंब कमी व्हायला हवा. पण मागच्याच चालीने काम झाले, तर मुंबईच्या मातृभाषांचा नवा आकडा २०३४ मध्ये हाती येईल आणि २०२९ ची विधानसभा निवडणूक जुन्याच अंदाजांवर लढवून झालेली असेल.