मतं खाणारे

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा खासदार निवडता येतो, हे पुण्यातल्या माझ्या मावशीला अजूनही खरं वाटत नाही. पण राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना मत असतं, आणि २०१५पासून मी ते देतोय. "छोट्या पक्षाला देऊन मत फुकट घालवू नकोस" हा सल्ला मात्र इथेही मिळतो, अगदी आपल्या चहाच्या टपरीवर मिळतो तसा.

मला तो कधीच पटला नाही.

२०१५चंच बघा. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाला ३८ लाखांवर मतं पडली, १२.६ टक्के. खासदार किती? एक! क्लॅक्टनचे डग्लस कार्सवेल, आणि तेही हुजूर पक्ष सोडून आलेले. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीने साडेचौदा लाख मतांत ५६ खासदार आणले, कारण त्यांची सगळी मतं स्कॉटलंडच्या ५९ जागांत होती. ओट्यावर सांडलेलं दूध आणि पातेल्यातलं दूध, एवढाच फरक.

पण पुढच्याच वर्षी अख्खा देश कोणाच्या मुद्द्यावर मतदानाला गेला? त्या एका खासदारवाल्या पक्षाच्या. हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी जानेवारी २०१३मध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमताचं वचन दिलं, तेव्हा तर युकिपच्या तिकिटावर निवडून आलेला एकही खासदार नव्हता. धास्ती होती ती मतं खाल्ली जाण्याची. स्वतःच्या पक्षातले युरोपविरोधी खासदारही कॅमेरून यांच्या मानगुटीवर बसले होते, हे मान्य. पण त्यांच्या हातातली काठी युकिपची होती. आपल्याकडे 'मतं खाणारा' ही शिवी आहे. इथे त्या शिवीने देश युरोपीय संघातून बाहेर काढला.

उलट सत्तेत गेलेल्यांचं काय झालं? २०१० साली लिबरल डेमोक्रॅट्स हा तिसरा पक्ष ५७ खासदार घेऊन कॅमेरून यांच्याबरोबर सरकारात बसले. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही असं लिहून दिलं होतं, आणि इंग्लंडात ती नऊ हजार पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास तिप्पट झाली. बदल्यात मतदानाची पद्धत बदलण्यासाठी सार्वमत पदरात पाडून घेतलं, तर २०११ साली जवळपास ६८ टक्के लोकांनी ते उडवून लावलं. २०१५ला उरले ८. मंत्र्याच्या खुर्चीपेक्षा बाहेरून दिलेला धाक जास्त कामाचा, असं माझं मत तेव्हापासून झालं. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाने २०१७ला तेच केलं: खासदार १०, मंत्रिपद शून्य, पण तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांना पाठिंबा देताना उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंड वाजवून घेतले.

आता २०२४. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला ४१ लाख मतं, जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाख, जागा ७२! कुठे लढायचं आणि कुठे नाही, हे ते आता चांगलंच शिकलेत. लेबरला तर जेमतेम ३४ टक्के मतांवर चारशेहून जास्त जागा. फराज यांचं राजकारण मला अजिबात आवडत नाही. स्थलांतरितांबद्दल ते बोलतात तेव्हा त्यात मीही येतो. तरी ४१ लाख माणसांना पाच खासदार, ही चेष्टाच आहे. आपल्याला न आवडणाऱ्याच्या बाबतीतही हे म्हणता आलं पाहिजे.

चेष्टेवरून आठवलं, इथे मॉन्स्टर रेव्हिंग लूनी नावाचा खराखुरा पक्ष आहे. तो पुढे स्थापन करणाऱ्या लॉर्ड सच यांनी १९६३च्या पोटनिवडणुकीतच अठराव्या वर्षी मताधिकार मागितला होता. लोक हसले. १९६९ला कायदा झाला. १९९०मध्ये बूटलच्या पोटनिवडणुकीत सच यांना ४१८ मतं पडली आणि माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन यांच्या एसडीपी या पक्षाला १५५. थोड्याच दिवसांत एसडीपीने दुकान बंद केलं.

मी गेल्या वेळी ग्रीन पक्षाला मत दिलं. इथे डिपॉझिट पाचशे पौंड, आणि पाच टक्के मतं नाही मिळाली तर जप्त. आमच्या उमेदवाराचं वाचलं. मावशीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे पडलाच ना?"