ओली आहे म्हणून ‘पडीक’?

दावा असा फिरतो : शहरालगतची पीटची (पाण्याखाली साचलेल्या, पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींच्या थराची) दलदल मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडते, तेव्हा चर खणून ती सुकवा आणि झाडं लावा, नाहीतर भराव टाकून घरं बांधा. कॅनडात व्हँकुव्हरला खेटून असलेल्या बर्न्स बॉगच्या (बॉग म्हणजे अशी पीटची दलदल) वाट्याला चर, रस्ते, पीट-उपसा आणि कचराभूमी हे सगळं आलेलं आहे. २००४ साली तिचा मोठा भाग सरकारांनी विकत घेऊन राखला. तेव्हा अंदाज कशाला बांधायचे? तिथलंच पाहू.

मिथेनचं खरं आहे. पण तो हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. सुकलेलं पीट मात्र संपेपर्यंत कार्बन डायॉक्साइड सोडत राहतं. शिवाय चरांत साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो तो निघतोच.

झाडं? जगातल्या जेमतेम ३ टक्के जमिनीवरच्या पीटमध्ये सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून तो कुजत नाही. पाणी उतरलं की पाइन आणि बर्च न लावताही शिरतात, आणखी पाणी ओढतात. तिथे झाडी दाटली की समजावं, बॉग सुकतेय.

भरावाचं गणित तर पहिल्याच पावसात चुकतं. या बॉगला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं : आम्लधर्मी, जवळजवळ बिनक्षारांचं. स्फॅग्नम मॉस, म्हणजे ज्याचं पुढे पीट होतं ते शेवाळ, त्यावरच जगतं. भरावाच्या मातीतले आणि रस्त्यावरचे क्षार वाहून आले की ते मरतं. शिवाय ओल्या पीटच्या वजनात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच. भार पडला की ते दबतं, तेही कुठे कमी, कुठे जास्त.

‘ओली जागा पेटत नाही’ म्हणणाऱ्यांनी २००५ आणि २०१६च्या तिथल्या आगी आठवाव्यात. वरचा थर सुकला की आग आत धुमसत सरकते; वरून पाणी मारून भागत नाही.

उपाय साधा, पण चिकाटीचा : पाणी अडवायला चरांत ओळीने फळ्यांचे बांध. फळी तळाच्या घट्ट पीटमध्ये आणि दोन्ही काठांत खोल रोवायची, नाहीतर पाणी कडेने वाट काढतं. एकच उंच बांधही नको, तो दाबाने फुटतो. दोन बांधांमधला पाण्याचा उतार वीतभराच्या आत ठेवायचा. मग भोकं पाडलेला पाइप पीटमध्ये उभा रोवून पाण्याची पातळी मोजत राहायची. ऐन उन्हाळ्यात ती किती खाली जाते, ते महत्त्वाचं.

‘कुंड्यांसाठी काढलेलं पीट पुन्हा वाढतं’ हेही ऐकू येतं. वाढतं, वर्षाला साधारण १ मिलिमीटर. कुंडीतला वीतभर थर म्हणजे सुमारे २०० वर्षं. आपल्याकडचं कोकोपीट नावापुरतंच पीट. तो नारळाच्या सोडणाचा भुसा, कुंडीला तो पुरतो.